अधिकारी कोण? किरकोळ तक्रारीविषयी थोडंसं

संयोजकांनी मला आधी ‘नागरिक आणि प्रशासन’ असा विषय दिला होता. मी त्यांना म्हटलं, एवढा मोठा विषय मला ह्या वयात पेलणार नाही, मला गटाराच्या झाकणावर बोलू द्या. ते हसले, पण ‘चालेल’ म्हणाले. तेव्हा आजचा प्रश्न साधा आहे. गल्लीतला दिवा लागत नाही, झाकण फुटलंय, कोपऱ्यावरचा कचरा चार दिवस तसाच आहे. अशा वेळी माणूस तक्रार करतो, म्हणजे नेमकं काय करतो? मी आयुष्यभर तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे साध्या गोष्टीपाशी थांबून राहण्याची खोड लागलेली आहे. आणि अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर ह्या पट्ट्यात राहणाऱ्याला उदाहरणं बाहेरून आणावी लागत नाहीत.

आधी ‘किरकोळ’ हा शब्द घेऊ. कचेरीत गेलं की तो ऐकू येतोच. ‘किरकोळ काम आहे मॅडम, होऊन जाईल.’ किरकोळ म्हणजे थोडक्या खर्चाचं. हिशेबाच्या वहीत हा शब्द बरोबर आहे. पण अंधारात फुटक्या झाकणात पाय जाऊन जिचं खुब्याचं हाड मोडलं, तिच्या वहीत ते किरकोळ नसतं. शिवाय किरकोळपणाला मुदत असते. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या अंतराने दोन जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं गेली. स्लॅब पडण्याआधी भिंतीला ओल येते, पोपडे निघतात, गंजलेली सळई दिसायला लागते. त्या टप्प्यावर त्याला सगळे किरकोळ दुरुस्तीच म्हणतात. वासाचंही तसंच. ‘नाल्याला वास येतो’ ह्या तक्रारीला आपल्याकडे कोण विचारतो? पण नोव्हेंबर २०१४ मध्ये ह्याच वालधुनीत रसायन ओतलं गेलं आणि त्याच्या वायूने उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं.

आता अर्जाकडे येऊ. ‘अर्ज’ हा शब्द मूळ अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. अर्थ एवढाच, की पुढे मांडणं, सादर करणं. त्यात याचना नाही. याचना आपण घातली. माझ्या वडिलांच्या वेळचे अर्ज मी पाहिलेत, त्यात ‘मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन’ असं असायचं. आज ‘ही नम्र विनंती’ असतं. नम्रतेला माझी हरकत नाही, विनंतीला आहे. विनंती नाकारली तर नाकारणाऱ्याचं काही चुकत नाही. मी तुमच्याकडे छत्री मागितली, तुम्ही दिली नाहीत, तर मी भिजेन, पण तुम्ही माझा काही अपराध केला असं होत नाही. मात्र छत्री माझीच असेल आणि ती परत मागत असेन, तर गोष्ट वेगळी. होफेल्ड नावाच्या अमेरिकन कायदेपंडिताने १९१३ साली हा भेद फार नेटका मांडला. त्याचं म्हणणं असं, की माझा हक्क म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी कर्तव्य. एकच वस्तू दोन टोकांनी पाहिलेली. समोरच्या टोकाला कुणी उभाच नसेल, तर माझ्या हातात हक्क नसतो, फक्त इच्छा असते. तक्रार करणाऱ्याचं पहिलं काम, ते दुसरं टोक कुणाच्या हातात आहे हे शोधून काढणं.

इथे मला आपल्या परंपरेतली एक गोष्ट आठवते. वेदान्ताचा कुठलाही ग्रंथ सुरू करण्याआधी चार गोष्टी सांगायची पद्धत आहे. अधिकारी कोण, विषय काय, संबंध कोणता आणि प्रयोजन काय. ह्याला अनुबंधचतुष्टय म्हणतात. आता तुमचा नेहमीचा मराठी अर्ज डोळ्यांपुढे आणा. ‘प्रति, मा. मुख्याधिकारी’, मग ‘विषय:’, मग ‘संदर्भ:’, आणि शेवटी काय हवं ते. (हशा) हसू नका, चारही खाने तेच आहेत. फरक पहिल्या खान्यात आहे. ग्रंथात अधिकारी म्हणजे ज्याला तो वाचण्याची पात्रता आहे तो. मीमांसेत तर जैमिनीचा सबंध सहावा अध्याय अधिकारावर आहे, कर्म कुणी करायचं ह्याचा. ज्याला फळ हवं आहे, ज्याच्यात सामर्थ्य आहे, ज्याला माहिती आहे, तो अधिकारी. आणि त्याच अध्यायात शूद्राला तो अधिकार नाही असंही ठरवून टाकलं आहे, हे लपवायचं कारण नाही. आज मराठीत मात्र हक्क असणारा तो अधिकारी आणि खुर्चीवर बसणाराही अधिकारी. एकच शब्द टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसला आहे. पहिल्या बाजूचा निकाल राज्यघटनेने लावला. कुणीही नागरिक अर्ज करू शकतो, जात, शिक्षण, पत काही विचारायचं नाही. दुसऱ्या बाजूचा अधिकारी कोण, हा प्रश्न आपल्या तीन गावांत रोज नव्याने पडतो.

का पडतो, ते थोडं इतिहासातून बघू. उल्हासनगर ही लष्करी छावणीच्या जागेवर वसवलेली निर्वासितांची वस्ती. फाळणीनंतर सिंधहून आलेली माणसं कल्याण कॅम्पच्या बराकींत राहिली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. म्हणजे सुरुवातीच्या रहिवाशाची तक्रार पुनर्वसन खात्याकडे. पुढे नगरपालिका आली, १९९६ मध्ये महानगरपालिका. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर १९८३ साली कल्याणच्या नव्या महापालिकेत घातले आणि १९९२ साली पुन्हा बाहेर काढून त्यांच्या स्वतंत्र नगरपालिका केल्या. कारभाराची हद्द सरकली, पण गटारं आपापल्या जागी राहिली. त्यात अंबरनाथ-बदलापूरला पाणी देणार जीवन प्राधिकरण, उल्हासनगरला एमआयडीसी. रस्ता कुठला नगरपालिकेचा, कुठला सार्वजनिक बांधकामचा, कुठला एमआयडीसीचा, कुठला एमएमआरडीएने करून दिलेला. दिव्याचा दिवा एका खात्याचा, वीज महावितरणची. स्टेशनाजवळ गेलात की रेल्वे. वालधुनी तर बघा, काकोळेच्या बाजूच्या डोंगरातून निघते, हजार वर्षांच्या जवळ आलेल्या शिवमंदिराला वळसा घालते, मग उल्हासनगर, मग कल्याण, आणि उल्हास नदीला मिळते. छोटीशी नदी, पण तीन स्थानिक संस्थांच्या हद्दीतून वाहते, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ चौथं. प्रत्येकाकडे वरून आलेल्या घाणीची तक्रार आहे.

किरकोळ प्रश्न ह्या सांध्यांत पडतात. मोठा प्रश्न असेल तर मंत्री येतात, बैठक होते, सगळी खाती एका टेबलाशी बसतात. झाकणासाठी कोण बैठक घेणार?

माझ्याच गल्लीचं सांगते. मी ह्या तीनपैकी एका गावात राहते, कुठल्या ते सांगणार नाही, साहेब कदाचित मागच्या रांगेत बसले असतील. (हशा) गल्लीच्या तोंडाशी गटाराचं सिमेंटचं झाकण मधोमध तुटलं होतं. मुलं त्यावरून उडी मारून जायची, आम्ही म्हातारे वळसा घालायचो. एका कचेरीत अर्ज दिला. दीड महिन्याने उत्तर आलं, सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. दुसऱ्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूंनी प्रेमाने बसवलं, म्हणाले, ‘आजी, ह्या वयात कशाला त्रास घेता, मुलाला पाठवायचं.’ आणि मग लेखी उत्तर, गटार आमचं आहे, परंतु झाकण रस्त्याच्या कामात बसवलेलं असल्याने ते रस्त्याचा भाग आहे. मी चाळीस वर्षं मुलांना अवयव आणि अवयवी ह्यांचा संबंध शिकवला. झाकण गटाराचा अवयव की रस्त्याचा, हा न्यायवैशेषिकांनाही सुचला नसता असा वाद होता. पण गंमत बाजूला ठेवा. ती दोन्ही उत्तरं खोटी नव्हती. प्रत्येक कचेरी आपापल्या फायलीप्रमाणे खरं बोलत होती आणि झाकण मात्र तुटलेलंच होतं.

तेव्हा मी माहितीचा अधिकार वापरला. ह्या कायद्याचं मोठेपण लोक भ्रष्टाचार उघडकीला आणण्यात मानतात. माझ्या मते रोजच्या कामाचं कलम वेगळंच आहे, ६(३). तुम्ही मागितलेली माहिती दुसऱ्या कचेरीकडे असेल, तर ज्याच्याकडे अर्ज आला त्याने तो पाच दिवसांत तिकडे पाठवायचा आणि तुम्हाला तसं कळवायचं. ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत. साध्या अर्जाला जी शिस्त नाही ती इथे आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, तीस दिवसांत उत्तर. उशीर झाला तर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपयांपासून २५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो माहिती आयोगाने करायचा, आणि आयोगापर्यंत पोचायला पायात बळ लागतं.

काय विचारायचं, हे मात्र नीट ठरवावं लागतं. ‘झाकण का बसवत नाही?’ असं विचारलंत तर उत्तर येणार नाही, आणि ते कायद्याला धरूनच असेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली सांगितलं आहे की माहिती म्हणजे जे दप्तरात आहे ते, ‘का’चं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे ऐकून वाईट वाटतं, आमचा सगळा धंदा ‘का’वर चालतो. पण एक गंमत बघा. माहिती कशासाठी हवी, हे अर्जदाराला विचारायचीही कायद्याने मनाई आहे. म्हणजे त्यांनीही ‘का’ विचारायचं नाही आणि आपणही नाही. उरतं काय, तर कुणी, केव्हा, किती. आणि जबाबदारी ठरवायला एवढं पुरतं. मी विचारलं, ह्या रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, काम पूर्ण झाल्याचा दाखला, रस्ता एका खात्याने दुसऱ्याच्या ताब्यात दिला असल्यास त्याचा कागद, आणि ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो. दोषदायित्व म्हणजे काम झाल्यावर अमुक काळ जे मोडेल ते ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं. हे फार कमी लोकांना माहीत असतं, आणि आपल्या रस्त्यांवर पैसा दोनदा जातो त्याचं हे एक कारण आहे. माझ्या झाकणाचे त्या कालावधीतले दोन महिने बाकी होते. उत्तर यायच्या दोन दिवस आधी झाकण बसलं.

आता कुणी म्हणेल, बाई, एका झाकणासाठी एवढा उपद्व्याप? त्याच पैशात स्वतः बसवून घेतलं असतं. हा आक्षेप गंभीर आहे, टाळून चालणार नाही. मुंबईत एक वडील आहेत, २०१५ साली खड्ड्यामुळे त्यांचा तरुण मुलगा गेला, तेव्हापासून ते स्वतः रस्त्यांवरचे खड्डे बुजवतात. त्यांच्यापुढे मी मान खाली घालते. पण ते शोकातून केलेलं काम आहे, ती नागरिकाची व्यवस्था होऊ शकत नाही. आपण झाकण बसवलं की कर्तव्याचं दुसरं टोक आपणच हातात घेतो आणि ज्याचं होतं तो मोकळा होतो. शेजारच्या गल्लीत वर्गणी निघत नाही, तिथे मग झाकण नसतं. अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचं १९७० सालचं एक पुस्तक आहे. त्यातला मुद्दा असा, की एखादी संस्था बिघडायला लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, बोलायचं किंवा सोडून जायचं. आणि ज्यांना सोडून जाणं परवडतं तेच बहुतेक वेळा चांगलं बोलू शकणारे असतात. बदलापूरच्या बाजूला मोठाली गृहसंकुलं उभी राहिलीत. आत स्वतःचे पेव्हर ब्लॉक, स्वतःचे दिवे, स्वतःचा टँकर. ती माणसं गाव सोडून गेलेली नाहीत, पण गावाच्या गटारातून मात्र निघून गेलीत. फाटकाबाहेरचा खड्डा रिक्षात बसून ओलांडतात.

‘पैसे नाहीत’ हे दुसरं नेहमीचं उत्तर. त्याला १९८० सालचा एक निकाल आहे, आणि तो माझ्या मते आपल्या सार्वजनिक नीतिशास्त्रातला एक उत्तम पाठ आहे. मध्य प्रदेशात रतलाम नावाचं शहर. तिथल्या एका वॉर्डातले रहिवासी उघड्या गटारांना, दुर्गंधीला, डासांना कंटाळून दंडाधिकाऱ्याकडे गेले. फौजदारी संहितेत कलम १३३ होतं, सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश देणारं. आज नव्या संहितेत ते १५२ आहे. दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेला मुदत घालून काम करायला सांगितलं. नगरपालिका भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. म्हणणं एकच, आमच्याकडे पैसा नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी ते साफ फेटाळलं. जी संस्था आरोग्य राखण्यासाठीच जन्माला घातली, तिला पैशाचं कारण देऊन त्या कामातून सुटता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. कांटने कर्तव्यांचे दोन वर्ग केले होते, पूर्ण आणि अपूर्ण. वचन पाळणं हे पूर्ण कर्तव्य, त्यात सवलत नाही. परोपकार अपूर्ण, म्हणजे करायचा खरा, पण कुणावर, किती, केव्हा ह्यात मोकळीक. आपल्या महानगरपालिका अधिनियमात हाच भेद जवळजवळ तसाच आहे. कलम ६३ मध्ये बंधनकारक कामं, ६६ मध्ये ऐच्छिक. नगरपालिकांच्या १९६५ च्या अधिनियमात दोन्ही कलम ४९ मध्ये येतात. गटारं, रस्त्यांची सफाई, दिवे ही बंधनकारक कामांत आहेत. म्हणून उत्सवाच्या कमानीला पैसे आहेत आणि दिव्याला नाहीत असं कुठे दिसलं, तर ते निव्वळ औचित्याचं राहत नाही, क्रम उलटा झालेला असतो. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा एकट्या फुल्यांनी विरोध केला होता. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

खड्ड्यांचं सांगायचं राहिलं. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयातल्याच एका न्यायमूर्तींनी, गौतम पटेल ह्यांनी, मुख्य न्यायमूर्तींना रस्त्यांवरच्या खड्ड्यांविषयी पत्र लिहिलं आणि न्यायालयाने ते जनहित याचिका म्हणून घेतलं. न्यायमूर्तींनाही पत्रच लिहावं लागलं, हे लक्षात ठेवा. त्यातून पुढे, चांगले रस्ते मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच प्रकरणात खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली. ह्याचा आनंद मानायचा की नाही, मला कळत नाही. बारा वर्षांत आपण खड्डा बुजवण्यापासून माणसाच्या भरपाईपर्यंत आलो.

आता मला जरा अवघड वाटणारा भाग. माझं झाकण बसायच्या आदल्या दिवशी गटारातला गाळ काढायला एक माणूस आला होता. ठेकेदाराचा. हातमोजे नाहीत, बूट नाहीत, गुडघ्याएवढ्या घाणीत उतरला. मी खाली जाऊन मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला, ‘मॅडम, तुमचीच तक्रार आहे ना?’ ह्या प्रश्नापुढे सगळं तत्त्वज्ञान गप्प होतं. तक्रार वरच्या दिशेने जाते आणि काम खालच्या दिशेने येतं, शेवटच्या माणसापर्यंत. पगार कापला जातो तो त्याचा. सेप्टिक टँकमध्ये गुदमरतो तो तोच. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारात मरणाऱ्या कामगाराच्या कुटुंबाची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली, तरी माणूस उतरतोच. म्हणून अर्जातल्या ‘प्रयोजन’ ह्या चौथ्या खान्यात आपण फक्त ‘नाला साफ करावा’ एवढं लिहून थांबू नये. ‘यंत्राने, सुरक्षा साधनांसह’ असंही लिहावं. तीन शब्द आहेत, लिहायला पैसे पडत नाहीत.

फेरीवाल्यांचंही तेच. सोसायट्यांच्या सह्यांचे कितीतरी अर्ज ‘फेरीवाले हटवा’ असे असतात. स्टेशनाबाहेर चालायला जागा नाही हे खरंच आहे, मीही त्या गर्दीतून येते. पण तिथे कर्तव्याचं दुसरं टोक भाजीवालीच्या हातात नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण करायचं, जागा ठरवून द्यायच्या, हे पालिकेचं काम. अर्ज लिहिताना ‘अधिकारी कोण’ हे चुकलं, तर आपण कर्तव्यदार सोडून दुबळ्या माणसाला धरतो. मग ती नागरिकाची तक्रार राहत नाही, नुसती चिडचिड होते.

एकट्याने की मिळून, हाही प्रश्न येतो. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली निघाली, गणेश वासुदेव जोशी त्यात पुढे होते, म्हणून ते सार्वजनिक काका. सभेचा सभासद व्हायचं तर पन्नास माणसांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे मी बोलतो ते पन्नास जणांच्या वतीने, आणि ते पन्नास जण कागदावर आहेत. आपल्याकडच्या सह्यांच्या मोहिमेत लोक न वाचताच सही करतात. मुखत्यारपत्राची कल्पना अधिक चांगली होती.

आज एका विचित्र काळानंतर आपण भेटतो आहोत. अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपालिकांची मुदत २०२० मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती २०२५ च्या डिसेंबरात. आधी करोना, मग आरक्षणाचा खटला. उल्हासनगरची मुदत २०२२ मध्ये संपली. एवढी वर्षं प्रशासक. खेड्यातल्या माणसाला निदान ग्रामसभा असते, तिथे उभं राहून विचारता येतं. शहर झालं की ती जाते. घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या, पण त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांना बंधनकारक. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर पाच लाखांवर, अंबरनाथ अडीच लाख, बदलापूर पावणेदोन लाखांच्या आसपास. म्हणजे त्या आकड्यांवर दोन गावं बाहेरच. ज्यांना ना ग्रामसभा, ना प्रभाग समिती, आणि पाच वर्षं नगरसेवकही नाही, अशा माणसांजवळ कागदाशिवाय दुसरं काय होतं? आणि कागद कुणी घेतला नाही, की माणसं रुळांवर येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर स्टेशनात जे झालं, त्याच्या मुळाशी लहान मुलींवरच्या अत्याचाराची तक्रार नोंदवून घ्यायला लागलेला उशीर होता. तो किरकोळ प्रश्न अजिबात नव्हता. पण तक्रार घेणारी खिडकी तीच असते, मोठ्यालाही आणि लहानालाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: आता नगरसेवक निवडून आलेत, मग अर्ज कशाला? फोन केला की काम होतं.)

होतं ना, बऱ्याचदा होतं. करा फोन. माझी काही हरकत नाही. पण फोनवर ते ‘करतो’ म्हणतात, त्या ‘करतो’ला आवक क्रमांक नसतो. काम झालं नाही तर तुम्हाला पुन्हा फोन करावा लागतो, आणि तिसऱ्यांदा केलात की तुम्हीच त्रास देणारे ठरता. अर्ज आधी टपालात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्या, मग त्याची प्रत नगरसेवकांना द्या. त्यांनाही ती सभागृहात उपयोगी पडते. आणि शिक्का घेताना टेबलावरचा माणूस म्हणेल, ‘ठेवून जा, नंतर मारतो.’ तर उभं राहायचं. आज बरोबर एक प्लास्टिकची घडीची खुर्ची आणली आहे बघा, ती मी तिथे घेऊन जाते.

(श्रोत्यांतून प्रश्न: आणि लोकशाही दिन?)

महानगरपालिकेत आयुक्तांचा असतो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. विहित नमुन्यात आधी अर्ज द्यावा लागतो, थेट गेलात तर ऐकून घेतीलच असं नाही. नमुन्याच्या दहा-बारा झेरॉक्स मी आणल्यात, दाराजवळच्या टेबलावर आहेत. ज्यांना हव्यात त्यांनी न्या, पण एकेकच घ्या.